दाराबाहेरची लेक

सासूबाईंना तिचा चेहरा चालत नसे, आवाज चालत असे. पुढचं सगळं रामायण या एवढ्याशा गोष्टीतून घडलं, आणि ही एवढीशी गोष्ट तिच्या नवऱ्याखेरीज घरात कुणाला ठाऊक नव्हती.

तिला आपण काचवालीच म्हणू. दुकानात तिला सगळे तेच म्हणत. चष्म्याच्या काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम तिने बावीस वर्षं केलं होतं. काचेवर मध्याचा ठिपका द्यायचा, फिरत्या चाकावर धरून कड उतरवायची, बोटाच्या टोकाने एकदा सगळी कड चाचपायची आणि टक् करून बसवायची. "काचवाल्या बाईंकडेच द्या, त्यांनी बसवलेली काच खडखडत नाही," असं गिऱ्हाइकं मालकांना सांगत. मग सासूबाईंची आठवण विरत चालली, घरी दिवसभर कुणीतरी हवं झालं. ‘कुणीतरी’ म्हणजे कोण, हे ठरवायला कुठल्याही घरात बैठक बसत नाही. ते आधीच ठरलेलं असतं.

पहिल्या सहा महिन्यांत तिच्या नाकी नऊ आले. सासूबाई तिला बघितलं की बिथरत. "ही बाई कोण? माझ्या खोलीत काय शोधतेय?" एके दुपारी त्यांनी पेला भिरकावला, तो हिच्या भुवईवर बसला. ही दार ओढून बाहेर पॅसेजमध्ये आली, स्टुलावर बसली आणि पोटभर रडली. तेवढ्यात आतून हाक आली. लेकीच्या नावाने. पुन्हा आली, पुन्हा आली. पाचव्या हाकेला हिच्या तोंडून निघून गेलं, "आलेच हं आई! हात ओले आहेत, पुसते नि येते."

आत एकदम शांत झालं. "बरं बरं, सावकाश ये," सासूबाई म्हणाल्या. त्या सुरात एवढी माया होती की काचवालीला दोन क्षण भुवईची ठणक जाणवली नाही. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती, आणि त्या सुरात त्या तिच्याशी आजवर एकदाही बोलल्या नव्हत्या.

तेव्हापासून तीन वर्षं, रोज दुपारी एक ते पाच, ती त्या स्टुलावर बसून लेक झाली. सासूला ‘तू’ म्हणताना सुरुवातीला जीभ अडखळली, मग वळणावर आली. "आई, टेबलावर गोळी ठेवलीय, घे बघू." "आई, खिडकी लाव, वारा सुटलाय." जिन्यात लिफ्टचं दार आपटलं की सासूबाई घाबरून विचारत, "कोण आहे गं बाहेर?" की ही म्हणे, "कुणी नाही, आई. मीच आहे." हे वाक्य दिवसातून वीसदा तरी व्हायचं. ‘आत ये’ म्हटलं की हिचे हात ओले असायचेच. पाच मिनिटांत सासूबाई बोलावल्याचं विसरत, पण बाहेर लेक बसलीय हे काही विसरत नसत. आणि हिला दाराआडून सगळं कळे. पलंग करकरला म्हणजे उठल्या, सपाता घासल्या म्हणजे बाथरूमकडे निघाल्या, कपाटाची कडी वाजली म्हणजे आता सगळे कपडे पलंगावर येणार.

नवरा एकदा लवकर घरी आला आणि त्याने हे पाहिलं. पाच मिनिटं बूट हातात धरून उभा राहिला. मग म्हणाला, "चालतंय ना? मग चालू दे. ताईला मात्र बोलू नकोस, तिला उगीच लागेल."

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण, खरी लेक. तासाभराच्या अंतरावर राहायची आणि वर्षातून तीनदा यायची. आईला अशा अवस्थेत तिला बघवत नसे. ज्यांना बघवत नाही त्यांची एक सोय असते, त्यांना बघावं लागत नाही. धाकटा दीर तर दूरदेशी, तो फोनच्या पडद्यावरून काळजी करायचा आणि मन लावून करायचा.

असं सगळं सुरळीत, म्हणजे काचवालीखेरीज सगळ्यांचं सुरळीत चाललं असताना चष्म्याच्या दुकानाच्या मालकांचा फोन आला. मशीनवरचा माणूस सोडून गेला होता. "दुपारी एक ते पाच आलीस तरी पुरे. महिनाअखेरपर्यंत तुझं स्टूल रिकामं ठेवतो. त्यापुढे मला दुसरा माणूस बघावा लागेल, पोरी, माझाही इलाज नाही." बावन्न वर्षांच्या बाईला पोरी म्हणणारं जगात एवढं एकच माणूस उरलं होतं.

फोन ठेवल्यावर तिने टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं, आणि कितीतरी दिवसांनी तिला स्वतःचं हसू ऐकू आलं. त्या संध्याकाळी तिने तीन वर्षांत पहिल्यांदा घरात काही मागितलं. दुपारच्या चार तासांसाठी एक मदतनीस बाई. तिला आपण सगळं शिकवू, हेही तिने मनाशी ठरवलं होतं. स्टूल कुठे ठेवायचं, हात कधी ओले असतात, सगळं.

"बघू या," नवरा म्हणाला. दिराने पडद्यावरून आणखी शहाणपणा केला. "माणसंच कशाला? आता यंत्रं आहेत. मी एक सल्लागार बाई शोधल्यात, त्या घराला ठरवायला मदत करतात."

सल्लागार बाई आल्या, हसतमुख, नीटनेटक्या, हातात जाड फाइल. "मी कुठलंच यंत्र विकत नाही हं," त्यांनी आल्या आल्या सांगितलं. "यंत्र हवं की माणूस, की दोन्ही, हे घरानेच ठरवायचं. मी फक्त नोंदी समोर ठेवते." खोलीच्या कोपऱ्यात हालचाल टिपणारा डोळा, दाराच्या चौकटीला दार उघडल्याची वेळ लिहिणारी चकती, गादीखाली झोप मोजणारी पट्टी. दोन आठवडे हे सगळं घर बघणार आणि मग बैठक. फाइलमधला अर्ज काढून त्यांनी काचवालीला विचारलं, "दुपारी खोलीत कोण असतं?"

"खोलीत कुणी नसतं. मी बाहेर..."

"खोलीतलंच सांगा फक्त. इथे तेवढाच रकाना आहे."

काचवालीने खोलीतलं सांगितलं. तिला बोलायची लाजही वाटली, हे खोटं नाही. दुसऱ्याच्या नावाने हाकेला ओ द्यायची, हे अर्जात कसं लिहायचं? आणि पट्ट्या, डोळे, चकत्या लागल्यात म्हटल्यावर त्यांना दिसेलच की, असंही तिला वाटलं. सगळं आयुष्य काचांत काढलेली बाई, नीट बसवलेल्या काचेतून सगळं स्वच्छ दिसतं एवढंच तिला माहीत.

दोन आठवड्यांनी बैठक झाली. ताई आली, दीर फोनमध्ये टेबलावर उभा राहिला, नवरा खुर्चीच्या टोकावर टेकला. काचवाली स्वयंपाकघराच्या दारात, सासूबाईंच्या नजरेला पडणार नाही अशी. सल्लागार बाईंनी कागद वाचला. "दुपारी एक ते पाच. दार सरासरी दोनदा उघडलं, दोन्ही वेळा एका मिनिटाच्या आत बंद. खोलीत दुसरी व्यक्ती, शून्य मिनिटं."

"शून्य?" ताईने मान वळवून स्वयंपाकघराकडे पाहिलं.

"पण चांगली गोष्ट पुढे आहे. या चार तासांत आई अतिशय शांत आहेत. येरझाऱ्या नाहीत, आदळआपट नाही. सकाळ-संध्याकाळपेक्षा कितीतरी शांत. म्हणजे एकट्या असल्या की त्या छान असतात."

"मग मदतनीस कशाला?" फोन म्हणाला.

काचवालीने जेवढं चोख काम केलं तेवढी ती कागदावरून पुसली गेली होती. पेला भिरकावला जात असता, दारं आपटली जात असती, तर आज तिला चार तास मिळाले असते.

"माझा एक नियम आहे," सल्लागार बाई म्हणाल्या. "शेवटचा शब्द ज्यांचा प्रश्न आहे त्यांचा." ताईने सासूबाईंना हात धरून बाहेर आणलं, सोफ्यावर आपल्याशेजारी बसवलं. सल्लागार बाईंनी हळू आवाजात विचारलं, "आजी, दुपारी तुमच्याजवळ कोण असतं?"

सासूबाईंचा चेहरा उजळला. "माझी लेक. रोज येते हो. कामात असते बिचारी, हात ओले असतात, पण हाक मारली की ओ देते. सून आहे ना, ती मात्र कधी फिरकत नाही."

ताईला हुंदका फुटला. ती आईच्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडायला लागली. "तिला मी आठवतेय! सगळं गेलं, पण मी राहिलेय!" सासूबाई जरा अवघडल्या. त्यांनी तिच्या पाठीवर हलकेच थोपटलं आणि म्हणाल्या, "रडू नका हो बाई. कुठून आलात तुम्ही?"

हे खोलीतल्या सगळ्यांनी ऐकलं. ऐकलं तेवढंच. प्रत्येकाने आपल्याला हवं ते वाक्य ठेवलं आणि नको ते सोडून दिलं.

सासूबाईंना आत नेऊन ताई परत आली तेव्हा काचवाली चार पावलं पुढे येऊन म्हणाली, "ती मी असते."

"काय?"

"दुपारी. दाराबाहेर बसते मी. त्या तुम्हाला हाक मारतात, मी ओ देते. तीन वर्षं."

ताईने डोळे पुसले, आणि ते कोरडे होताच तिखट झाले. "तुला हेही बघवलं नाही का गं? माझ्या आईजवळ माझं म्हणून एवढं उरलंय, तेही तुला हवं? कागदावर शून्य आलंय तुझं, म्हणून आता हे?"

"नोंदींत तसं काही दिसत नाही," सल्लागार बाई सौम्यपणे म्हणाल्या.

काचवालीने तेव्हा दाराशी जाऊन एक शब्द बोलायला हवा होता. एका शब्दात सगळ्यांना कळलं असतं. पण ती नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली. त्याला माहीत होतं, तो बोलेल, आता बोलेल. नवऱ्याने कागद उचलला, शून्य मिनिटं जिथे लिहिलं होतं तिथे बराच वेळ पाहिलं आणि कागद उलटा करून ठेवला. मूग गिळून बसावं तर असं.

निर्णय झाला. मदतनीस नको. त्याऐवजी बोलता डबा. शेल्फवर ठेवायचा पांढरा डबा, आईने हाक मारली की ओ देणारा, गोळीची वेळ सांगणारा, आणि हे सगळं ओळखीच्या माणसाच्या आवाजात. आवाज अर्थातच ताईचा. ताईने घरी बसून चाळीस वाक्यं बोलून पाठवली, मधे मधे तिला भरून येत होतं म्हणून वेळ लागला. "पहिले चार दिवस तुम्ही मधे बोलू नका," सल्लागार बाईंनी काचवालीला बजावलं. "नाहीतर आईंना सवय व्हायची नाही."

ती नाही बोलली. पहिल्या दुपारी डबा म्हणाला, "आई, गोळी घे हं," आणि आतून किंकाळी आली. "कोण आहे? कोण बाई बोलतेय? माझ्या लेकीला बोलवा!" डबा प्रेमाने म्हणाला, "मी तुझी लेक आहे, आई." सासूबाई दारावर मुठी आपटायला लागल्या. "खोटं! ही नाही माझी लेक! माझ्या लेकीचा आवाज असा नाही!" काचवाली स्वयंपाकघरात कानांवर हात ठेवून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी दार बडवून हाताची सालटी काढली, तेव्हा ती धावली, स्टुलावर बसली आणि म्हणाली, "आलेच हं आई. हात ओले आहेत."

"कुठे होतीस गं इतके दिवस?" सासूबाई दाराला आतून टेकून रडत म्हणाल्या. त्यांना तीन दिवस आठवत होते. देवाला ठाऊक कसे.

डब्याने हे सगळं टिपून ठेवलं. दुसरी बैठक भरली तेव्हा सल्लागार बाईंनी तो भाग सगळ्यांना ऐकवला. फोनमधल्या दिराने घसा खाकरला. आता तरी कुणी ‘चुकलं’ म्हणेल, असं आपल्याला वाटेल. माणसं तशी नसतात. ताई पांढरीफटक पडली आणि म्हणाली, "तू माझ्या जागी बसलीस. माझ्या आईच्या डोक्यातून तू मला पुसून टाकलंस."

"जागा रिकामी होती, ताई," काचवाली म्हणाली.

सल्लागार बाई मात्र खुशीत होत्या. "हे उत्तमच झालं की! आवाज चुकला होता, पद्धत नाही. यांचाच आवाज घेऊ."

तेव्हा काचवालीने प्रथमच अट घातली. महिना संपायला आठ दिवस होते. "आवाज देते. पण येत्या सोमवारी एक वाजता मी दुकानात असेन. सगळ्यांसमोर सांगतेय." "अगं, त्यासाठीच तर हे," नवरा घाईघाईने म्हणाला. "मोकळी होशील तू," फोन म्हणाला. ताईनेही मान डोलावली. काचवालीने मालकांना लगेच कळवलं, "सोमवारी येते," आणि पलीकडून ते म्हणाले, "ये, ये. चाक पुसून ठेवतो."

दोन दुपारी बसून तिने चाळीस वाक्यं दिली. गोळीचं, खिडकीचं, ओल्या हातांचं, ‘कुणी नाही, आई. मीच आहे’चं. एकेक वाक्य ती कड चाचपावी तसं पुन्हा पुन्हा म्हणून बघत होती, कुठे खडखडू नये म्हणून. अर्जात ‘आवाज कोणाचा’ असा रकाना होता. सल्लागार बाईंनी लिहिलं, मुलगी. "आईंच्या दृष्टीने तेच खरं ना?" त्या म्हणाल्या. काचवालीने तेही सोडून दिलं. सोमवार जवळ होता.

डबा झकास चालला. सासूबाई दिवसभर त्याच्याशी बोलत, हसत. शनिवारी सल्लागार बाई शेवटचा कागद घेऊन आल्या. "एवढंच राहिलंय. आई पडल्या किंवा घराबाहेर निघाल्या, तर डबा घंटा वाजवतो. पाच मिनिटांत खोलीत पोचेल अशी एक व्यक्ती हवी. ते नाव नसेल तर डबा सुरू ठेवता येत नाही."

नवरा कामावर असायचा. ताई तासाभरावर. दीर फोनमध्ये.

"मदतनीस ठेवा," काचवाली म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "चार तास. मी पहिल्यापासून तेच म्हणतेय."

"अगं, आता डबा बोलतोय तर बाई येऊन करणार काय?" ताई म्हणाली. "शिवाय अनोळखी माणूस बघितलं की आई बिथरते. तूच सांगतेस ना?"

"तुम्हाला आता काहीच करायचं नाही," सल्लागार बाईंनी तिला समजावलं. "बोलायचंही नाही. नुसतं असायचं."

"आणि सोमवार?"

"दुकान काय पळून जातंय का?" नवरा म्हणाला आणि त्याने कागदावर तिचं नाव लिहिलं. त्याचं अक्षर सुरेख आहे, सगळे तसं म्हणतात.

सोमवारी एक वाजता तिने मालकांना फोन केला. ते ऐकून घेत राहिले. मागे चाक फिरल्याचा आवाज येत होता. "एक माणूस सकाळीच विचारायला आला होता," ते शेवटी म्हणाले. "त्याला बसवून बघतो. तू जिवाला लावून घेऊ नकोस, पोरी."

ती पॅसेजमध्ये येऊन स्टुलावर बसली. दुसरीकडे बसायला तिला जागाच सुचली नाही. आत तिचाच आवाज सासूबाईंना गोळी घ्यायला सांगत होता, आणि त्या लाडाने म्हणत होत्या, "घेते गं बाई, किती मागे लागशील." तिने स्टुलाच्या कडेवरून बोट फिरवलं. कड खरखरीत होती, कधी कुणी घासलीच नव्हती.

आत सपाता घासल्या. दार वीतभर उघडलं आणि फटीतून सासूबाईंनी तिला पाहिलं. नखशिखान्त पाहिलं. हिने सवयीने तोंड उघडलं, पण त्या केव्हाच मागे वळून शेल्फवरच्या डब्याला विचारत होत्या, "अगं, ही दारात कोण बाई बसलीय?"

"कुणी नाही, आई," डबा मायेने म्हणाला. "मीच आहे."

सासूबाईंनी दार लावून घेतलं.